'हलू नकोस!' या हुकमाची गोष्ट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरातल्या लहान मुलाचा फोटो काढायचा म्हटलं की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, 'इकडे बघ' आणि दुसरं, 'हलू नकोस'. ही वाक्यं आजीनं तिच्या लहानपणी ऐकलेली असतात, आईनं ऐकलेली असतात आणि आज तीच नातवंडांच्या कानांवर पडत असतात. मधल्या काळात पेटीचा कॅमेरा गेला, रोल गेला, आता खिशातल्या मोबाइलमध्ये कॅमेरा आला. हुकूम मात्र तोच राहिला. तो आला कुठून आणि त्याची गरज आज उरली आहे का, हे पाहायला आपल्याला थोडं मागं जावं लागेल.

पॅरिसमध्ये १८३९ साली दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जगापुढे जाहीर झाली. सुरुवातीच्या त्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चित्र उमटायला भर उन्हातसुद्धा काही मिनिटं लागत. इमारतीला काय, ती उभीच असते. पण माणूस? तेवढा वेळ पापणी न लववता बसणं मोठ्यांनाही कठीण, मग रांगणाऱ्या बाळाची काय कथा! हललेल्या माणसाचा चेहरा धुरकट येई आणि फार हललेला माणूस चित्रातून नाहीसाच होई.

पुढे १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेच्या ओल्या पट्टीची रीत शोधली. काचेवर रसायन लावायचं, ते ओलं असेपर्यंतच फोटो घ्यायचा आणि लगेच काळोख्या खोलीत जाऊन काच धुवायची. मिनिटांचं काम आता सेकंदांवर आलं. तरीही घरात किंवा स्टुडिओत काही सेकंद स्तब्ध बसावं लागेच. त्यासाठी फोटोग्राफरकडे लोखंडी स्टँड असे. त्याचा चिमटा बसणाऱ्याच्या मानेमागे लावला जाई, म्हणजे डोकं डुगडुगू नये. जुन्या फोटोंतली माणसं एवढी गंभीर का दिसतात, याचं एक कारण हे आहे. मानेला चिमटा लावून कोण हसणार?

मुलांसाठी युरोप-अमेरिकेत त्याहून चमत्कारिक युक्ती होती. आईला खुर्चीवर बसवत, तिच्या अंगावर डोक्यापासून पायांपर्यंत कापड टाकत आणि तिच्या मांडीवर मूल ठेवत. कापडाआडून आईनं मुलाला घट्ट धरायचं. फोटोत दिसायचं ते एकटं मूल आणि मागे कापडाचा ओबडधोबड ढिगारा. असे शेकडो फोटो आज संग्रहांतून पाहायला मिळतात. घरातलं सर्वांत जवळचं माणूस फोटोत हजर असूनही झाकलेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती पुढे वेगळ्या रूपात पुन्हा भेटणार आहे.

मुंबई या कलेत मागे नव्हती. 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था १८५४ सालीच स्थापन झाली. तिच्या कार्यकारिणीत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. तिथं शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक. पुढे १८९६ साली राजा दीनदयाळ यांचाही स्टुडिओ मुंबईत आला. या दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादला केवळ स्त्रियांसाठी एक स्टुडिओ उघडला होता आणि त्याचा कारभार एका स्त्रीच्या हाती सोपवला होता. पडद्यातल्या स्त्रियांची सोय, एवढाच त्याचा हेतू म्हणता येईल. पण त्यामागची जाण मोठी आहे. कॅमेऱ्यामागचं माणूस परकं असेल तर समोरचं माणूस अवघडणार. मुलांच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं.

आपल्याकडे आणखी एक अडचण होती. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी समजूत. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब, सिनेमाकडे वळण्यापूर्वी गुजरातेत गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवत होते. पुढे बडोद्याला या समजुतीचा त्यांच्या धंद्याला त्रास झाल्याचं त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. मोठी माणसंच कॅमेऱ्याला बिचकत, तर त्यांच्या हाताला धरून आलेलं मूल कसं मोकळं असणार?

पण बदल सुरू झाला होता. रिचर्ड मॅडॉक्स यांनी १८७१ साली कोरड्या काचेची कल्पना मांडली. पुढच्या दहाएक वर्षांत तयार कोरड्या काचा बाजारात आल्या आणि फोटो सेकंदाच्या अंशात निघू लागला. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली कोडॅक कॅमेरा आणला. त्यात शंभर फोटोंचा रोल भरलेलाच असे. बटण दाबायचं आणि सगळा कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा, बाकीचं काम ते करत. १९०० साली याच कंपनीचा ब्राउनी कॅमेरा आला. किंमत एक डॉलर, आणि तो विकायचा होता मुख्यतः मुलांना! म्हणजे ज्यांना साठ वर्षं 'हलू नकोस' म्हणून दटावलं, त्यांच्याच हातात कॅमेरा आला.

तेव्हा हे स्पष्ट आहे की 'हलू नकोस' हा हुकूम मुळात आईबापांचा नव्हताच. तो काचेचा आणि रसायनाचा हुकूम होता. कॅमेऱ्याला घाई जमत नव्हती, म्हणून मुलाला थांबावं लागत होतं. १८८०च्या सुमारास ही अडचण संपत आली. मग हुकूम का संपला नाही?

याचं उत्तर कॅमेऱ्यात नाही, मुलाकडे पाहण्याच्या आपल्या नजरेत आहे. चार्ल्स डार्विन यांचं भावनांच्या आविष्कारावरचं पुस्तक १८७२ साली निघालं. त्यासाठी त्यांना खरोखर रडणाऱ्या बाळाचा फोटो हवा होता. ऑस्कर रेलँडर या फोटोग्राफरनं तो दिला. तोंड वासून आक्रोश करणारं ते बाळ लोकांना इतकं आवडलं की त्या चित्राच्या प्रती धडाधड खपल्या. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की पुस्तकात छापलेलं चित्र हा सरळ फोटो नव्हता. मूळ फोटोवरून हातानं काढलेल्या चित्राचा तो फोटो होता. तरी लोकांनी तो उचलून धरला, यातच सगळं आलं. शहाण्यासारखं बसवलेलं मूल पाहून ते कंटाळले होते. मूल मुलासारखं दिसावं, ही भूक तेव्हाही होतीच.

ती भूक भागवली हलत्या चित्रांनी. पॅरिसमध्ये २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून जो पहिला खेळ केला, त्यात एक छोटीशी घरगुती फिल्म होती. आई, वडील आणि मधे त्यांची तान्ही मुलगी. वडील म्हणजे ऑगस्त ल्युमिएर चमच्यानं तिला भरवताहेत, कॅमेऱ्यामागे काका लुई. मुलगी बिस्किट हातात धरून ते चौकटीबाहेरच्या कुणाला तरी देऊ करते. ना कुणी तिला 'इकडे बघ' म्हटलं, ना 'हलू नकोस'. जेवणाची वेळ, ओळखीची माणसं, हातात खाऊ. मुलाचा नैसर्गिक फोटो कसा येतो, याचा पाठ त्या मिनिटभराच्या फिल्मनं घालून दिला आहे. याच ल्युमिएरांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला आणि आपल्याकडे सिनेमाचं पर्व सुरू झालं.

मराठी माणसाला अभिमान वाटावा असं याचं उदाहरण दादासाहेब फाळक्यांच्याच घरातलं आहे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. त्यात रोहिदासाची भूमिका त्यांच्या मुलानं, भालचंद्रनं केली. आणि १९१९ सालच्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली ती त्यांची जेमतेम सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. या चित्रपटाच्या सुरुवातीला एक नवल आहे. कथा सुरू होण्याआधी दादासाहेबांनी मंदाकिनीचा नुसता चेहरा दाखवला आहे, ना मुकुट, ना बासरी. त्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव येतात आणि जातात, आणि मग तीच मुलगी कृष्ण होऊन समोर येते. हा चित्रपट आजही पाहायला मिळतो, आणि त्याचं श्रेय पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला जातं.

आता हा अभिनयच, म्हणजे बापानं सांगितलेलं पोरीनं केलेलं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण ती सांगणारा तिचा बाप होता आणि तिला थांबायला नव्हे, काहीतरी करायला सांगत होता. 'हलू नकोस' आणि 'हे करून दाखव' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात मूल दगड होतं, दुसऱ्यात ते खेळायला लागतं.

फाळक्यांकडून मी आता आमच्या देवनारकडे येतो. देवनार म्हटलं की मुंबईकरांना कचराभूमी आठवते, कत्तलखाना आठवतो, फार तर बसडेपो. पण लहान मूल आणि कॅमेरा या विषयात देवनारलाही काही सांगायचं आहे. लागूनच असलेल्या चेंबूरला राज कपूर यांनी १९४८ साली आर. के. ची स्थापना केली आणि त्यांचं देवनारचं घर पुढे 'देवनार कॉटेज' म्हणून प्रसिद्ध झालं. त्यांच्या १९५५ सालच्या 'श्री ४२०' मधलं पावसातलं गाणं आठवा. नायक-नायिका छत्रीखाली, आणि मधेच रेनकोट घातलेली तीन मुलं समोरून चालत जातात. ती राज कपूर यांचीच मुलं, रणधीर, ऋतु आणि ऋषी. ऋषी तेव्हा दोन-तीन वर्षांचा. पाण्याचे फवारे डोळ्यांत जात, म्हणून तो रडू लागे आणि नर्गिस यांनी चॉकलेट कबूल करून त्याला चालायला लावलं, असं ऋषी कपूर यांनीच पुढे सांगितलं आहे.

चॉकलेटचं आमिष आपण सगळेच दाखवतो. पण त्या दृश्याचं यश आमिषात नाही. मुलांना एक काम दिलं होतं, हात धरून पावसातून चालायचं, आणि कॅमेऱ्याकडे बघायचं नव्हतं. म्हणून ते तीन रेनकोट आजही डोळ्यांपुढून हलत नाहीत.

देवनारचा दुसरा धागा आहे टाटा समाजविज्ञान संस्थेचा. ही संस्था १९३६ साली स्थापन झाली आणि १९५४ साली देवनारला आली. तिनं १९३७ मध्येच मुंबईत बालमार्गदर्शनाचं केंद्र सुरू केलं, आपल्या देशातलं अशा प्रकारचं हे पहिलं केंद्र मानलं जातं. त्याच सुमारास, १९३६ साली, ताराबाई मोडक यांनी दादरला शिशुविहार काढलं. दोन्हींची कामं वेगळी, पण मागची धारणा एकच. मुलाला स्वतःचं मन असतं. ते समजून घ्यायचं तर त्याला समोर उभं करून प्रश्न विचारायचे नाहीत, ते खेळत असताना त्याच्याकडे बघायचं. माझ्या मते छायाचित्रणाच्या इतिहासात हा टप्पाही कोरड्या काचेइतकाच मोलाचा आहे. काचेनं कॅमेऱ्याला वेग दिला, तर बालशिक्षणानं मोठ्यांना थांबायला शिकवलं. मोकळा फोटो दोन्ही मिळून येतो.

आपल्या घरांत मात्र कॅमेरा उशिरा आला. महाराष्ट्रातल्या कितीतरी कुटुंबांचा पहिला कॅमेरा म्हणजे आगफा क्लिक थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेला. त्यात १२० नंबरचा रोल, त्यावर फक्त बारा चौकोनी फोटो. उटकमंडच्या सरकारी कारखान्यात तयार झालेली 'इंदू' फिल्मही अनेकांना आठवत असेल. रोल महाग, धुलाई महाग. म्हणून एकच रोल गणपतीत सुरू होई आणि दिवाळीनंतर संपे. बारांतला एक फोटो वाया जाणं परवडत नसे. तेव्हा सगळ्यांना ओळीत उभं करायचं, उंच मागे, बुटके पुढे, आणि पुन्हा तोच हुकूम, 'हलू नकोस'. आता तो रसायनाचा नव्हता, खर्चाचा होता.

त्या काळात आणखी एक सल्ला पाठ असे. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे हवा. त्याचा परिणाम तुमच्या जुन्या अल्बममध्ये पाहा. सगळी मुलं डोळे किलकिले करून, कपाळाला आठ्या घालून उभी आहेत. पोरं रुसलेली नाहीत, त्यांच्या डोळ्यांवर ऊन आहे! आणि कित्येक फोटोंच्या खालच्या कडेला एक लांबट सावली पडलेली दिसेल. ती वडिलांची. कॅमेरा त्यांच्या हातात, म्हणून वर्षानुवर्षांच्या अल्बममध्ये वडील म्हणजे केवळ सावली. कापडाखाली झाकलेली ती आई आठवते? तिच्या जागी आता बाबा आले, इतकंच.

आपल्याकडचा सर्वांत बोलका नमुना बोरन्हाणाचा. संक्रांतीनंतर लहान मुलाला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने घालायचे आणि आधी स्टुडिओत नेऊन फोटो काढायचा, ही आपली जुनी रीत. हलवा जितका काटेरी तितका चांगला. पण तो काटा बाळाच्या मानेला टोचतो, मुकुट कपाळावर घसरतो, समोर रंगवलेला पडदा आणि अनोळखी माणूस. त्यामुळे बोरन्हाणाच्या फोटोंत ओठ काढलेली बाळं फार. आणि खरी गंमत त्यानंतर घरी होते. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा बाळाच्या डोक्यावरून ओतला जातो आणि वाड्यातली, चाळीतली पोरं त्यावर तुटून पडतात. बाळ आधी दचकतं, मग एक बोर उचलून तोंडात घालतं. त्या क्षणाचा फोटो किती घरांत आहे? फारच थोड्या. कारण तोवर रोल संपलेला असे, किंवा फोटो 'झालेला' असे.

नंतर ३५ मिलिमीटरचे छत्तीस फोटोंचे रोल घरोघरी पोचले, रंगीत प्रिंट तासाभरात मिळू लागल्या, हॉट शॉटसारखे सोपे कॅमेरे १९८०च्या दशकात आले, पुढे डिजिटल आलं. आजचा साधा मोबाइल एका सेकंदात कितीतरी फोटो घेऊ शकतो आणि एका फोटोला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. म्हणजे हुकमामागचं पहिलं कारण गेलं, दुसरंही गेलं. उरली ती फक्त सवय. आणि आता तर तिच्या जोडीला 'स्माइल दे' आलं. ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ सालीच फोटोंच्या आधारे दाखवलं होतं की खरं हसू डोळ्यांभोवतीच्या स्नायूंतूनही उमटतं आणि ते स्नायू हुकमानं सहसा वळत नाहीत. ओठ ताणता येतात, डोळे हसवता येत नाहीत. 'स्माइल दे' म्हटल्यावर मूल दात दाखवतं, ते हेच.

मग करायचं काय? इतिहासातूनच चार गोष्टी घ्याव्यात. ल्युमिएरांकडून जेवणाची, अंघोळीनंतरची, खेळाची नेहमीची वेळ घ्यावी. मूल भुकेलं किंवा झोपेला आलेलं नसावं. फाळके आणि राज कपूर यांच्याकडून काम द्यायला शिकावं. आजोबांच्या चपला घालून चालून दाखव, आजीला शेंगा सोलायला मदत कर, ताईच्या कानात गुपित सांग. ताराबाईंकडून जमिनीवर बसून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहायला शिकावं. आणि आगफाच्या उन्हातून सुटका करून घ्यावी. खिडकीजवळचा मऊ उजेड किंवा अंगणातली सावली मुलांच्या डोळ्यांना सुखाची असते. फ्लॅश तर बंदच ठेवावा.

आणखी एक. फोटो काढणारं माणूस बदलत राहावं. आज बहुतेक घरांत फोटो आई काढते, आणि म्हणून मोबाइलमधल्या हजारो फोटोंत तीच सापडत नाही. तिच्यावर आता कापड नाही, पण ती झाकलेलीच आहे. अधूनमधून मोबाइल मुलाच्या हातात द्यावा. ब्राउनी त्याच्यासाठीच तर होता. फोटो तिरका येईल, आजोबांचं डोकं कापलं जाईल, पण मुलाला घर कसं दिसतं ते कळेल. आणि मूल 'नको' म्हणालं तर तेही ऐकावं. फोटो त्याचा आहे.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारेल. देवनारला १९२७ सालापासून मुंबईचा कचरा येत राहिला. घरं बदलली, चाळी पाडल्या, आजी-आजोबा गेले, की कपाटातले अल्बमही जुन्या सामानाबरोबर बाहेर पडतात. या शहरातले किती बोरन्हाणाचे, किती बारशाचे फोटो त्या डोंगरात गाडले गेले असतील! २६ जुलै २००५ च्या पुरानं तळमजल्यांवरचे कितीक अल्बम भिजवून टाकले. आर. के. स्टुडिओतही १६ सप्टेंबर २०१७ रोजी आग लागली, जपून ठेवलेलं बरंच काही जळालं आणि पुढे ती जागाही विकली गेली. फोटो टिकतो, ही समजूत खोटी आहे. फोटो जपावा लागतो. मोबाइलमधले हजारो फोटो तर एका हरवलेल्या फोनबरोबर जातात. तेव्हा वर्षाला निवडक वीस-पंचवीस फोटो कागदावर छापून घ्या, पाठीमागे पेन्सिलीनं तारीख, ठिकाण आणि सगळ्यांची नावं लिहा. पन्नास वर्षांनी ते फोटो पाहणाऱ्याला 'हे कोण?' असं विचारायला कुणी उरलेलं नसेल.

निवड करताना सगळे सरळ उभे असलेला एक फोटो जरूर ठेवा, त्यालाही किंमत आहे. पण त्याच्या शेजारी दुसरा ठेवा, थोडा हललेला. ज्यात मूल पळतंय, आई हसताना तोंडावर हात नेते आहे आणि बाबांची नुसती सावली नाही, तर सबंध बाबा आहेत. ऐंशी वर्षांची म्हातारी आपल्या नातवंडांना अल्बम दाखवताना बोट ठेवेल ते या दुसऱ्या फोटोवर.